एमआरआयच्या आधी श्वासाचा सराव

महोदय,
माझ्या मेव्हण्यांना यकृताचा सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक होत जाण्याचा आजार आहे. दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी होते. गेल्या खेपेला त्यात ठिपका दिसला, सेंटिमीटरहूनही लहान. सीटीत काही स्पष्ट होईना, म्हणून डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. "पुन्हा खर्च कशाला?" असे मलाही वाटले होते. पण रेडिऑलॉजिस्टचे म्हणणे पटले. गॅडॉक्सेटिक आम्ल असलेले औषध शिरेतून दिले, की यकृताच्या चांगल्या पेशी ते शोषून घेतात. साधारण २० मिनिटांनी यकृत उजळते आणि ज्या गाठीत अशा पेशी नसतात ती काळी उठून दिसते. सीटीला हुकलेल्या बारीक गाठी यात बऱ्याचदा सापडतात. अर्थात प्रत्येक ठिपका कर्करोग नसतो; आमचा निघाला हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुंता.

तक्रार वेगळीच आहे. या तपासणीत पुन्हापुन्हा १५-२० सेकंद श्वास रोखावा लागतो, नाहीतर चित्र पुसट येते. हे आम्हाला थेट यंत्रात झोपवल्यावर कळले. आदल्या दिवशी कोणी दहा मिनिटे सराव करून घेतला असता, तर दुसरी फेरी वाचली असती.

— एक वाचक, सातारा