कार्यालयातील फोनच्या दोषाचा माग काढणाऱ्या तंत्रज्ञांस जाहीर आभारपत्र

आदरणीय महोदय,
स. न. वि. वि.

आपण निघालात तेव्हा मला नीट आभारही मानता आले नाहीत, कारण तोंड उघडले असते तर रडूच कोसळले असते. म्हणून हे पत्र.

दोन महिने मी एकच तक्रार ऐकत होते, "फोन वाजतो, पण तुमच्याकडे कोणी उचलत नाही." आपल्याआधी तीन वेळा माणसे येऊन गेली. प्रत्येकाने एकदा फोन लावून पाहिला, तो माझ्या टेबलावर खणखणीत वाजला आणि 'यंत्रणेत दोष नाही' असा शेरा मारून ते निघून गेले. मग दोष कोणात उरला, हे कोणाला सांगावे लागले नाही. माझ्या नावाने कारणे दाखवा नोटीस निघाली. त्या तिघांवरचा माझा राग अजूनही गेलेला नाही.

आपण मात्र एका मोबाइलवरून पहिली लाइन गुंतवून ठेवलीत आणि दुसऱ्यावरून तोच क्रमांक पुन्हा लावलात. आपल्या कानात रिंग वाजत होती, माझे टेबल गप्प होते. ती रिंग टेलिफोन एक्स्चेंज ऐकवते, समोरचा फोन नव्हे, हे आपण समजावलेत तेव्हा ग्राहकही खरे बोलत होते आणि मीही, हे मला पहिल्यांदा उमगले. पहिली लाइन व्यस्त असली की कॉल दुसरीवर सरकत होता आणि ती लाइन जुन्या मांडणीप्रमाणे अजूनही 214 या एक्स्टेन्शनवर, म्हणजे एका बंद केबिनमधल्या अंतर्गत फोनवर, उतरत होती. ती बंद केबिन उघडली, तर आवाज बंद करून ठेवलेल्या फोनवरचा लाल दिवा धुळीखाली लुकलुकत होता.

पण मला जन्मभर लक्षात राहील ती त्यानंतरची गोष्ट. मी म्हणाले, "लगेच बदलून टाका." त्यावर आपण म्हणालात, "बदलायला दोन मिनिटे लागतील, पण आधी साहेबांना दाखवू. एकदा बदलले की तुमचे म्हणणे खरे होते, हे कशावरून ठरणार?" आपण ईपीएबीएक्समधून, म्हणजे कार्यालयातले फोन जोडणाऱ्या यंत्रातून, कॉलची यादी छापून घेतलीत, 214 वर वाजून वाजून थांबलेल्या कॉलखाली पेन्सिलने रेघा ओढल्यात आणि साहेबांना म्हणालात, "हे कॉल यांच्या टेबलावर कधी आलेच नाहीत." दुरुस्ती त्यानंतर. यंत्र दुरुस्त करणारे पुष्कळ असतात. समोरच्या माणसावर आलेला आळ दिसणारे आणि तो दूर करणे हेही आपलेच काम समजणारे फार थोडे, आणि अशांच्या सभ्यतेवरच आमच्यासारख्यांची नोकरी तरून जाते.

नोटीस मागे घेण्यात आली आहे. यादीचा तो कागद माझ्याजवळ आहे. आपण रेघ ओढलेल्या प्रत्येक क्रमांकावर मी स्वतः फोन करून त्या ग्राहकांकडे दिलगिरी व्यक्त केली आहे.

आपली कृतज्ञ,
स्वागतकक्षातील ऑपरेटर