वेबसाइट नवी करा, पण पत्ते मोडू नका

महोदय,

व्यवसायाच्या वेबसाइटला नवे रूप दिले आणि महिन्याभरात गूगलवरून येणारी चौकशी आटली, ही तक्रार आमच्या क्षेत्रात सतत कानावर येते. मग कोणी रंगसंगतीला दोष देतो, कोणी मजकुराला, कोणी गूगलच्या बदलत्या नियमांना. पुष्कळदा दुखणे निराळेच निघते. नव्या बांधणीत पानांचे जुने पत्ते मोडलेले असतात आणि ते कोणी तपासलेलेच नसतात. नव्या साइटसाठी पैसे मोजणाऱ्या प्रत्येकाला हे काम सुरू होण्याआधी कळायला हवे, म्हणून हे पत्र.

गूगलच्या नोंदीत प्रत्येक पान त्याच्या यूआरएलने, म्हणजे पत्त्याने, ओळखले जाते. इतर साइट्सनी दिलेल्या लिंक आणि शोधात मिळवलेले स्थान त्या पत्त्याच्या खात्यावर जमा असते. 'सर्व्हिसेस डॉट एचटीएमएल' या पत्त्यातले शेवटचे 'डॉट एचटीएमएल' गेले, तरी सर्च इंजिनच्या लेखी जुने पान नाहीसे झाले आणि एक अनोळखी पान उगवले. दोन्हींची सांगड घालतो तो ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर पाठवणारी सूचना. 'हे पान कायमचे इथे हलवले आहे' असा निरोप त्यातून जातो. ३०२ चा अर्थ 'तात्पुरते हलवले' असा होतो, त्यामुळे कायमच्या बदलासाठी तो वापरू नये.

साइट बदलण्याआधी एका एक्सेल शीटमध्ये दोन रकाने करा: जुना पत्ता आणि त्याचा नवा पत्ता. जुने पत्ते साइटमॅपमधून (साइटवरच्या पानांची यादी), सर्व्हरच्या लॉगमधून (कोणती पाने मागवली गेली याची नोंद) आणि सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातल्या परफॉर्मन्स अहवालातून काढता येतात. हा अहवाल १६ महिन्यांपर्यंतची माहिती दाखवतो. तो साइट बदलण्याआधीच उतरवून ठेवावा. ज्या पानांवर क्लिक जास्त, त्यांची जोडी आधी लावा. घाईत सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवण्याची चूक फार होते. विशिष्ट वस्तू शोधत आलेला माणूस मुखपृष्ठावर आदळतो आणि निघून जातो. गूगलही अशा रीडायरेक्टला बहुधा 'पान सापडले नाही' असेच धरते. ज्या पानाला पर्यायच नाही, त्याला सरळ ४०४ ('पान सापडले नाही') किंवा ४१० ('पान काढून टाकले आहे') उत्तर द्यावे. एक रीडायरेक्ट दुसऱ्याकडे, दुसरा तिसऱ्याकडे अशी साखळीही नको. आणि वळवलेले पत्ते किमान वर्षभर काढू नयेत. जमल्यास कधीच काढू नयेत.

दुसरा घात होतो एका विसरलेल्या टिकमार्कमुळे. साइट तयार होत असताना ती शोधात येऊ नये म्हणून डेव्हलपर 'नोइंडेक्स', म्हणजे 'हे पान नोंदीत घेऊ नका' अशी खूण, लावतो, आणि ते योग्यच आहे. वर्डप्रेस या साइट बांधण्याच्या प्रणालीत सेटिंग्जच्या 'रीडिंग' भागात त्यासाठी एक चौकट असते. साइट खुली करताना ती खूण काढायची राहिली, तर पाने एकामागून एक शोधातून गळू लागतात. साइटचा कोणता भाग वाचू नये हे सांगणाऱ्या रोबोट्स फाइलमध्ये 'डिसअलाऊ'पुढे एकच तिरकी रेघ उरली, तर क्रॉलरला, म्हणजे पाने वाचत फिरणाऱ्या सर्च इंजिनच्या प्रोग्रॅमला, सगळी साइट बंद. म्हणून साइट खुली केल्यावर त्याच दिवशी सर्च कन्सोलमध्ये पाच-सहा महत्त्वाच्या पानांचे पत्ते टाकून 'लाइव्ह' तपासणी करावी. जाता जाता, साइटची मालकी सिद्ध करणारी फाइल किंवा टॅग नव्या साइटवर राहून गेला, तर सर्च कन्सोलचा प्रवेशही जातो. मालकीची नोंद डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावाच्या सेटिंग्जमध्ये, करून घेतली, की साइट कितीही वेळा बदलली तरी ती अडचण येत नाही. हे खाते व्यवसायाच्याच नावावर असावे, एजन्सीच्या नव्हे.

वेगाचे गूगलचे मोजमाप आता ठरलेले आहे. पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा, आणि पान उघडताना मजकूर किती सरकतो, याचा आकडा ०.१ च्या पुढे जाऊ नये. तेही किमान ७५ टक्के भेटींमध्ये. यातला प्रतिसादाचा निकष मार्च २०२४ पासून लागू आहे. पुष्कळ साइट्स पहिल्याच निकषावर अडखळतात, आणि कारण बहुधा असते वरचा मोठा फोटो. फोनवर ४०० पिक्सेल रुंदीत दिसणारा फोटो ४००० पिक्सेलचाच चढवलेला असतो. वर त्याला 'लेझी लोडिंग' लावलेले असते, म्हणजे जे सगळ्यात आधी दिसायला हवे, तेच उशिरा मागवले जाते. फोटो वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात, लागेल तेवढ्याच आकाराचा द्या. कोडमध्ये त्याची लांबी-रुंदी लिहा, म्हणजे तो उतरताना खालचा मजकूर उडी मारणार नाही. पहिल्या फोटोचे लेझी लोडिंग काढा.

गूगल साइटची मोबाइल आवृत्तीच नोंदीसाठी वाचते. संगणकावर असलेली माहिती 'फोनवर गर्दी होते' म्हणून काढून टाकली, तर ती नोंदीतूनही जाते. मजकूर फोटोत कोरू नये किंवा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये ठेवू नये. दुसऱ्या प्रकारात सर्च इंजिनला देवनागरी नव्हे, रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. चौकशीच्या फॉर्ममधली अक्षरे १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील, तर आयफोनवर रकान्यात बोट ठेवताच पान मोठे होते आणि 'पाठवा' बटण बाहेर ढकलले जाते. एक चूक झाली म्हणून भरलेला सगळा फॉर्म कोरा करणे तर अक्षम्यच. तिथे तयार गिऱ्हाईक हातचे जाते.

'पहिला क्रमांक मिळवून देऊ' अशी हमी कोणी दिली, तर तिथूनच परत फिरावे. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलनेच लिहून ठेवले आहे. की-वर्ड्स मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली शोधशब्दांची यादी, भरण्याचे वेगळे पैसे मागणाऱ्यालाही नकार द्या. क्रमवारीसाठी तो टॅग पाहत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच सांगितले आहे.

साइट खुली झाल्यावर पहिले दोन महिने दर आठवड्याला सर्च कन्सोलचा 'पेजेस' अहवाल उघडावा. ४०४ च्या यादीत एखादा जुना, क्लिक मिळवणारा पत्ता दिसला, तर त्याच दिवशी त्याचा रीडायरेक्ट लावावा.

– वेबसाइट बांधणी व देखभालीचे काम करणारे काही वाचक