'रॉ' काजू कच्चे नसतात

संपादक महोदय, स.न.वि.वि.

आमच्या वेंगुर्ल्यात पाकिटावर 'रॉ काजू' लिहिलेलं असतं आणि मुंबईचे पाहुणे ते कच्चे समजून नेतात, पण कारखान्यात बी वाफवल्याशिवाय किंवा भाजल्याशिवाय फोडतच नाहीत, टरफलातलं तेल हात जाळतं ना, मग साल सुटायला गर परत 70 अंशांच्या आसपास काही तास ड्रायरमध्ये ठेवतात. खरे कच्चे म्हणजे मार्च-एप्रिलचे ओले काजूगर, उसळीचे, ते सोलताना बायकांचे हात अजूनही सोलवटतात. अमेरिकेत विकायच्या कॅलिफोर्निया बदामांना पण 2007 पासून पाश्चरायझेशन सक्तीचं आहे, तरी 'रॉ' लिहितातच. गरम केलेलं वाईट नाही हो, पण पाकिटावर 'वाफवलेले, न भाजलेले' एवढं तरी छापा!

एक काजू बागायतदार, वेंगुर्ला