डोर्नकलचे बिशप

वरंगळ

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबा, निजामाच्या मुलखात हिंदी, म्हणजे भारतीय माणूस बिशप कसा झाला, हा तुमचा प्रश्न फोनवर आटोपण्यासारखा नव्हता, म्हणून हे पत्र.

ते बिशप म्हणजे वेदनायकम सॅम्युएल अझरया, मूळचे तमिळ मुलखातल्या तिरुनेलवेलीकडचे. जन्म १८७४चा, वडील खेड्यातले पाद्री. वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचे काम करीत असतानाच, १९०३ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी पैशावर आणि हिंदी माणसांच्या बळावर चालणारी मिशन संस्था उभी केली, आणि तिचेच काम निजामाच्या राज्यातल्या तेलुगू भागात डोर्नकलपर्यंत पोहोचले. १९१० मध्ये एडिंबऱ्याला भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेत त्यांनी गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगितले की तुम्ही गरिबांसाठी सर्वस्व दिलेत, देहही झिजवलेत, आता आम्हाला मित्र द्या. ते अनेकांना झोंबले. तरीही मद्रासचे बिशप व्हाइटहेड त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्यात अझरया डोर्नकलचे बिशप, म्हणजेच अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) पंथाचे पहिले हिंदी बिशप झाले. विरोध केवळ गोऱ्यांचा नव्हता, काही तमिळ ख्रिस्त्यांचाही होता. आपल्या माणसाचे मोठेपण आपल्यालाच आधी खुपते, नाही का?

मला त्या भाषणापेक्षा पुढची बत्तीस वर्षे मोठी वाटतात. स्वतः तमिळ असून ते तेलुगू शिकले आणि बैलगाडीने, सायकलने माला व मादिगा या अस्पृश्य मानलेल्या जातींच्या वस्त्यांतून हिंडले. आई, तिथे बाप्तिस्मा घेणाऱ्याला ते स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून, ‘मी सुवार्ता सांगितली नाही तर मला धिक्कार असो,’ असे म्हणायला लावीत. काल गावकुसाबाहेर असलेला माणूस आज उपदेशक होई. अशा सामुदायिक धर्मांतरांवर गांधीजींनी कठोर टीका केली. या वादात मला अझरयांची बाजू अधिक पटते, कारण गरिबाला आपला धर्म स्वतः पारखता येतो, हे त्यांनी गृहीत धरले होते. ख्रिस्त्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मात्र त्यांना नको होते, हेही बाबांनी ध्यानात घ्यावे.

त्यांचे कॅथीड्रल १९३९ मध्ये पुरे झाले: वर मशिदीसारखे घुमट व मिनार, आत देवळाच्या मंडपासारखे खांब. १ जानेवारी १९४५ रोजी ते वारले, आणि निरनिराळ्या प्रॉटेस्टंट पंथांना एकत्र आणणाऱ्या ज्या संयुक्त दक्षिण भारतीय चर्चसाठी ते १९१९ पासून झटले, ते १९४७ मध्ये स्थापन झाले.

थंडीत इकडे आलात की डोर्नकलला जाऊ. जंक्शन असल्याने गाड्यांची ददात नाही.

आपली,
सुनंदा