इंजिन बंद पडलं तर?

चँडलर, ॲरिझोना
१४ जून

ती. अण्णा आणि आई,
सा. न. वि. वि.

आईने फोनवर विचारलं, "तू शिकतेस त्या विमानाला इंजिन एकच ना गं? ते बंद पडलं तर?" फोनवर ती मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून लिहून पाठवते.

आई, हाच प्रश्न आमचे शिक्षक मला हवेत विचारतात. बोलता बोलता थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा, मागे ओढतात आणि म्हणतात, "गेलं इंजिन. सांग आता." मी शिकते ते सेसना १७२, चार जणांचं विमान. इंजिन गेलं म्हणून ते धाडकन कोसळत नाही. वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास राखला, की वारा नसताना दर हजार फूट उंचीमागे साधारण अडीच किलोमीटर तरंगत जातं. तेवढ्यात शेत निवडायचं. वारा समोरून हवा. विजेच्या तारा, खांब, बांध आधी बघायचे. नांगरट असेल तर नांगराच्या तासांच्या दिशेनेच उतरायचं, आडवं नाही. अण्णा, हे तुम्ही त्यांना शिकवाल! इकडेही लांब धाग्याचा कापूस होतो, आणि वरून कपाशी ओळखायला मला कुणाची गरज पडत नाही. शेत पक्कं झालं, की खूप खाली जाण्याआधीच ताकद देऊन पुन्हा वर यायचं. हा सराव सारखा चालतो.

माझ्या मते खरी भीती इंजिनाची नाही, उन्हाची आहे. फैजपूरच्या माणसांना ऊन काय सांगायचं म्हणा! तापलेली हवा विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा दम कमी पडतो आणि धावपट्टी जास्त लागते. इथला विमानतळ समुद्रसपाटीपासून १२४३ फुटांवर, पण ४३ अंशांत विमान असं वागतं जणू तो ५००० फुटांवर आहे. जून २०१७ मध्ये फिनिक्सला पारा ४८ च्या घरात गेला, तेव्हा प्रवासी विमानांचीही काही उड्डाणं रद्द झाली होती. म्हणून माझा तास पहाटेच असतो. वजन, तापमान, वारा यांचा हिशेब जमला नाही, तर त्या दिवशी उडायचंच नाही.

जमिनीवर विमान हाताने वळत नाही, पायाने वळतं. डाव्या-उजव्या चाकाला वेगळा ब्रेक, अगदी आपल्या ट्रॅक्टरसारखा. त्यामुळे तेवढं मला पटकन जमलं.

बाकी कागदपत्रं म्हणाल, तर परदेशी म्हणून आधी बोटांचे ठसे आणि सुरक्षा तपासणी झाली, मग डॉक्टरांचा दाखला. लेखी परीक्षेत ६० प्रश्न, पास व्हायला ७० टक्के. कायद्याने किमान ४० तास उडायचं, त्यातले १० एकटीने. पण बहुतेकांना त्याहून जास्तच लागतात. माझं एकटीचं उड्डाण अजून व्हायचंय. कधी, ते शिक्षक ठरवतील, आणि मी घाई करणार नाही.

आणि आई, नोकरी सोडलेली नाही. या खाजगी लायसनवर पैसे घेऊन कुणाला नेताच येत नाही, त्यामुळे पगार ऑफिसचाच. काकूंना "पोरगी पायलट झाली" असं एवढ्यात सांगू नकोस. त्या सगळ्या गावाला सांगतील.

अण्णा, दिवाळीला आले की धुळ्याला गोंदूरची धावपट्टी बघायला जाऊ. विहिरीवरची मोटार दुरुस्त झाली का, ते कळवा. आणि कळण्याच्या पिठाचं पार्सल अजून पोचलं नाही.

तुमची,
वैशू