रविवारच्या शर्यतीआधी शॉक तपासून आणा

सर्व सभासदांनी नोंद घ्यावी. येत्या रविवारी सकाळी ८ ते ९ या वेळेत पिटच्या (गाड्या तयार करण्याच्या जागेच्या) टेबलावर प्रत्येक आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाडीचे शॉक, म्हणजे धक्के शोषणारे तेलाचे शॉक ॲब्सॉर्बर, तपासले जातील. तेल गळणारी गाडी ट्रॅकवर सोडणार नाही.

घरून निघण्याआधी एवढं करा:

• चारही शॉक उघडून जुनं तेल काढा. काळपट निघालं तर ओ-रिंगही (तेल अडवणारी रबरी कडी) बदला.

• शाफ्ट (शॉकमधून आत-बाहेर सरकणारा दांडा) पक्कडीने थेट धरू नका. त्यावर उठलेला बारीकसा ओरखडा नवी ओ-रिंगही कापतो आणि गळती पुन्हा सुरू होते.

• तेल भरल्यावर पिस्टन सावकाश वर-खाली करा आणि शॉक १० मिनिटं उभा ठेवा. सगळे बुडबुडे वर आल्याशिवाय टोपण लावू नका. आत हवा राहिली की दाबताना चुळचुळ आवाज येतो आणि उडीनंतर गाडी दणकन आपटते.

• डावा-उजवा शॉक शेजारी धरून एकदम दाबा. दोन्ही शाफ्ट सारख्याच वेगाने, सारखेच बाहेर यायला हवेत. नाहीतर गाडी डाव्या वळणावर एक आणि उजव्या वळणावर दुसरंच वागते. लांबी कॅलिपरने मोजा, नजरेवर जाऊ नका.

तेलाच्या घट्टपणाचा आकडा सीएसटी (सेंटिस्टोक्स) या एककात लिहून आणा. डब्ल्यूटी (‘वेट’) या दुसऱ्या मापाचे आकडे कंपनीगणिक बदलतात. उन्हात तेल पातळ होतं, म्हणून एक पायरी घट्ट तेल जवळ असू द्या.

शॉकवरची कॉलर (स्प्रिंग टेकवणारी फिरती कडी) फिरवून फक्त गाडीची जमिनीपासूनची उंची बदलते, स्प्रिंग कडक होत नाही. उंची बॅटरी बसवूनच मोजा.