विषय: सिलिंग सुकं घासलंत, मग झाकलंत, आणि माटोळीच्या (गणपतीच्या वर फळं टांगतात त्या) कड्याच गायब केल्यात

मॅनेजरसाहेब, नमस्कार.

फोनवर तीनदा बोलून झालं, तुमच्या सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून झाले, दोन निळ्या टिका येतात आणि पुढे काही नाही, म्हणून आता सगळं लिहूनच पाठवते. लांब होईल पण वाचा.

आमचं घर फोंड्याजवळ. वसरी आणि जुना भाग कौलारू, पण हॉल आणि आतली देवाची खोली बाबांनी १९८४ साली स्लॅब घालून बांधली. बाबा तेव्हा बहरीनला कामाला होते, तिथे कुठेतरी त्यांनी ते दाणेदार सिलिंग पाहिलं आणि आपल्याकडेही तस्संच हवं म्हणून मुंबईचा माणूस बोलावून मशिनने मारून घेतलं. आम्ही पोरं त्याला रव्याच्या लाडवाचं सिलिंग म्हणायचो. तेव्हा गावात कौतुक झालं असेल, पण चाळीस वर्षांत त्याच्यावर कोळिष्टकं, समईची काजळी, आणि झाडू लावला की खाली कण, कधी कण थेट आमटीत. म्हणून यंदा एप्रिलमध्ये तुम्हाला बोलावलं.

तुमचा सुपरवायझर बघायला आला तेव्हाच मी त्याला एक गोष्ट विचारली होती, आई साक्षीला होती. माझा भाचा अमेरिकेत असतो, तो म्हणाला मावशी तिथे असल्या जुन्या सिलिंगला लोक टेस्ट केल्याशिवाय हात लावत नाहीत, कारण त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणजे धुळीतून छातीत जाणारे घातक तंतू. तिथे शोभेसाठी ॲस्बेस्टॉसचं असलं स्प्रे मारायला १९७८ मध्येच बंदी आली, तरी जुनी घरं तशीच आहेत. आपल्याकडे तर ॲस्बेस्टॉसचे पत्रे आजही दुकानात मिळतात, तेव्हा आमचं १९८४ चं म्हणजे त्यात नसणारच असं कोणी सांगायचं? डोळ्यांनी बघून ते कळत नाही, लॅबमध्ये मायक्रोस्कोपखालीच कळतं. मी म्हटलं, कोपऱ्यातला चमचाभर तुकडा पाणी मारून काढा, पिशवीत बंद करा, टेस्ट करून आणा, पैसे मी देते. त्यावर तुमचा माणूस हसला. "काय नाय हो बाई, हे चुना आणि भुसा, आम्ही रोज काढतो." आणि मी ऐकलं. ही माझी चूक, ती मी मान्य करते.

क्वोटेशनमध्ये काय लिहिलंय ते तुमच्याच कागदावर बघा: पाणी मारून टेक्स्चर खरवडणे, पुट्टी, दोन हात पेंट, ४२० चौरस फूट, ६५ रुपयांनी २७,३०० रुपये. पाणी मारून, असं स्पष्ट आहे. पहिल्या दिवशी पोरांनी पंपाने पाणी मारलं सुद्धा, पण बाबांनी नव्वदच्या सुमाराला त्या सिलिंगवर ऑइल पेंट मारला होता, पाणी आत जाईना, सगळं खाली सोफ्यावर. रंग मारलेलं टेक्स्चर भिजत नाही हे मला आता कळलं, मी शाळेत मराठी शिकवते, तुमचा तर धंदाच तो आहे ना? तुम्हाला क्वोटेशन देताना नख लावून बघता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर दारातूनच धूर दिसला. धूर नाही, धूळ. ग्राइंडरला घासायची चकती लावून तुमची पोरं सुकं सिलिंग घासत होती, हॉलचं दार सताड उघडं, मधे प्लास्टिक नाही, पंखा चालू! पंखा चालू होता हे मी मुद्दाम लिहिते. देव्हाऱ्यावर पांढरा थर, स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्यापर्यंत धूळ. आईला दमा आहे, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तिला त्या रात्री बहिणीकडे मडगावला पोचवली ती आठ दिवस तिथेच. आणि ती दोन पोरं, विशीतली असतील, तोंडाला नुसता रुमाल. मला खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा त्यांचीच काळजी वाटली. ॲस्बेस्टॉस असलंच तर त्याचा त्रास उद्या दिसत नाही, वीस-तीस वर्षांनी छातीत दिसतो, तेव्हा ती पोरं कुठे असतील आणि तुमची कंपनी कुठे असेल.

मी आरडाओरडा केला तेव्हा काम थांबलं. तोवर अर्धा हॉल घासून झाला होता, अर्धा तसाच. मग सुपरवायझर येऊन म्हणाला आता हे निघत नाही, फॉल्स सिलिंग करून झाकून टाकू, ११० रुपये फूट. आता मला एक सांगा. झाकायचंच होतं तर आधी हात कशाला लावलात? न हलवता, न घासता वर चॅनेल मारून बोर्ड लावणं हा मार्ग लोक वापरतात, भाच्याने पण तेच सांगितलं होतं, धूळच होत नाही. आणि काढायचंच होतं तर टेस्ट करून, भिजवून नीट काढायचं. तुम्ही अर्धं घासून घरभर केलंत आणि उरलेलं झाकलंत, दोन्हीतलं वाईट तेवढं आमच्या पदरात. वर बिल दोन्हीचं! २७,३०० खरवडण्याचे पूर्ण, आणि ४६,२०० फॉल्स सिलिंगचे, मिळून ७३,५००. पुट्टी कुठे लावलीत, बोर्डाच्या वर? मी ६०,००० दिलेत, राहिलेले १३,५०० मी थांबवलेत ते त्यामुळे.

बोर्डाचं पण सांगते. दुसऱ्या क्वोटेशनमध्ये मॉइश्चर रेझिस्टंट, म्हणजे ओलीला टिकणारा बोर्ड लिहिलाय. त्याचा कागद हिरवट असतो, मी दुकानात जाऊन बघून आले. तुमच्या पोरांनी मागे माडाजवळ टाकलेले तुकडे साधे पांढरे-करडे आहेत, मी चार तुकडे ठेवलेत आणि फोटो पण काढलेत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाऊस धरला तेव्हा देवाच्या खोलीत बोर्डावर चहासारखा डाग आला, आता तो थाळीएवढा झालाय आणि मधे पोट सुटलंय. स्लॅबला थोडी ओल आहे हे मी पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. "गोव्यात पावसाळ्यात असंच असतं" हे उत्तर मला देऊ नका, मी इथेच जन्मले.

आणि आता मुख्य गोष्ट, ज्यावरून आई अजून माझ्याशी नीट बोलत नाही. देवाच्या खोलीत स्लॅबमध्ये चार लोखंडी कड्या होत्या, बाबांनी स्लॅब ओततानाच गजाला बांधून घेतलेल्या, माटोळीसाठी. पंख्याला भोक ठेवायचं तुम्हाला बरोबर आठवलं, कड्या मात्र बोर्डाच्या वर गेल्या. आमची गणपतीची चवथ पाच दिवसांची. माटोळीला केळीचा घड, नारळाच्या पेंडी, सुपारीची शिपटं, चिबूड, निरफणस, आंबाडे, कवंडळं, सगळं मिळून चाळीस-पन्नास किलो सहज होतं. तुमचा सुपरवायझर म्हणतो बोर्डालाच हुक मारून देतो. साहेब, पुठ्ठ्यासारख्या त्या बोर्डाला केळीचा घड टांगून खाली गणपती बसवू? हिंदू घरात काम करताना माटोळी कुठे बांधता असं विचारायला इंजिनियर लागत नाही.

मला काय हवं ते लिहिते. देवाच्या खोलीतला बोर्ड काढा, पण त्याआधी उरलेल्या टेक्स्चरचं सॅम्पल भिजवून घ्या, लॅबचा रिपोर्ट मला दाखवा, आणि रिपोर्ट येईपर्यंत कोणी ग्राइंडर आत आणायचा नाही. रिपोर्ट वाईट आला तर पुढचं काम त्यातल्या माहितगार माणसाकडून, तुमच्या खर्चाने. कड्या मोकळ्या करा, चारही. बोर्ड परत लावाल तो हिरवा लावा, ओल बघून मग. खरवडण्याचे पैसे बिलातून कमी करा, आणि त्या दोन पोरांना निदान धड मास्क द्या.

३१ जुलैपर्यंत माणूस आला नाही तर मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घालणार आणि मग मडगावला जिल्हा ग्राहक आयोगात (फोंडा आता दक्षिण गोव्यात येतो, तुमच्या ऑफिसातल्या मुलीने मला उत्तर गोव्यात पर्वरीला जा सांगितलं होतं). पाच लाखांपर्यंत तिथे फी लागत नाही आणि वकील पण लागत नाही, दोन्ही विचारून आले. क्वोटेशन, बिल, फोटो, बोर्डाचे तुकडे सगळं आहे.

चवथ यंदा १४ सप्टेंबरला. रिपोर्ट, बोर्ड काढणं, रंग सुकणं, हे सगळं धरून दिवस मोजा.

फोन केलात तर दुपारी दोननंतर करा, सकाळी मी वर्गात असते. आणि सुपरवायझरला पाठवणार असाल तर आई घरी असताना पाठवू नका.